घरातली बंदूक चोराच्या हाती लागू नये म्हणून कुठे आणि कशी ठेवावी?

माळरान
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय. धागा पहिल्यांदाच काढतोय, कारण घडलंय तसंच.

मागच्या महिन्यात आम्ही चार दिवस घराबाहेर होतो. परत आलो तर मागच्या दाराची कडी उचकटलेली, आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट सताड उघडं, कपडे जमिनीवर. रोख गेली, थोडे दागिने गेले. त्याचं वाईट वाटलंच, पण हादरलो ते दुसऱ्याच गोष्टीनं. वडिलांची बारा बोअरची दुनळी आम्ही त्या कपाटात कोटांच्या मागे, कापडी खोळीत उभी ठेवत होतो. ती खोळीतून काढून पलंगावर आडवी ठेवलेली होती. नळ्या खिडकीकडे, दस्ता माझ्या उशीवर. म्हणजे चोरानं ती शोधली, हातात घेतली, पाहिली आणि ठेवून गेला. खालच्या खणातला काडतुसांचा डबा पण उघडलेला होता. मोजली, सगळी होती.

का नेली नाही, माहीत नाही. लांब म्हणून असेल, घाई असेल. पण त्या रात्रीपासून डोक्यात एकच विचार आहे. ती गेली असती आणि उद्या कुणावर रोखली गेली असती तर? परवाना माझा, नंबर माझ्या नावावर. वडिलांनी तीस वर्षं जिवापाड जपलेली वस्तू माझ्या एका कुलपाच्या भरवशावर होती.

तक्रार दिली आहे, पंचनामा झाला आहे. आता पुढे काय करू? तिजोरी घ्यावी तर कसली? की जागाच अशी शोधावी की कुणाला सापडणार नाही? जाणकारांनी मोकळेपणानं सांगा. कान उघाडणी केली तरी चालेल.

निवृत्त_फौजी
माळरान, आधी आजचं बघा, तिजोरीचं नंतर. त्या माणसाला आता पक्कं ठाऊक आहे की तुमच्याकडे दुनळी आहे, कुठल्या खोलीत आहे आणि काडतुसं कुठे आहेत. या वेळी नेली नाही म्हणून पुढच्या वेळी नेणार नाही असं नाही. तो स्वतः नाही आला तरी दुसऱ्याला सांगेल. नीट सोय होईपर्यंत ती घरात ठेवूच नका. तुमच्याकडचा कायदा परवानगी देत असेल तशी परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे रीतसर पावती घेऊन जमा करा. चार आठवडे लागले तर लागू देत.

दुसरं, परक्या माणसानं हाताळलेलं हत्यार आहे. दुरुस्तीच्या माणसाकडून नळ्या आतून तपासल्याशिवाय एकही बार काढू नका. नळीत चिंधी अडकली असेल किंवा आपटून पोचा आला असेल तर नळी फुटते.

आणि जाता येता प्रत्येकाला हा किस्सा सांगू नका. इथं सांगितलात ते ठीक, इथं तुमचं घर कुणाला माहीत नाही.

माळरान
फौजी काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या सकाळीच जमा करतो.

कुलूपकिल्ली
कुलपांचं काम करतो, बावीस वर्षं झाली. तिजोऱ्या बसवतो, आणि चोरी झाल्यावर फुटलेल्या बघायलाही मलाच बोलावतात. म्हणून थोडं लांबण लावतो.

घरगुती लोखंडी कपाटाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, कधी त्याहून कमी. दाराच्या कडेत पहार घालून जोर लावला की पत्राच वाकतो, कुलपापर्यंत जायचीही गरज पडत नाही. कपाट हे कपडे आणि कागद ठेवायचं सामान आहे. त्याला तिजोरी समजणं ही आपल्या सगळ्यांची जुनी सवय.

तिजोरी बघायला जाल तेव्हा वजनावर आणि रंगावर जाऊ नका. दार उघडून कडेला बोट फिरवा. दार चौकटीत किती घट्ट बसतंय, फट किती आहे, ते बघा. फटीत पहारीचं टोक शिरलं की निम्मं काम झालं. पत्र्याची जाडी विचारा, आणि दाराला दोन थर दिसत असतील तर त्यातला खरा पोलाद किती आणि मधलं भरताड किती हे वेगळं विचारा. बिजागऱ्या बाहेर आहेत की आत यावर लोक उगाच अडून बसतात. बिजागरीच्या बाजूलाही चौकटीत शिरणारे दांडे असतील तर बाहेरची बिजागरी कापूनही दार निघत नाही. दांडे किती जाड दिसतात यापेक्षा ते ज्या चौकटीत अडकतात ती किती जाड आहे हे महत्त्वाचं. मनगटाएवढे दांडे आणि चौकट पापडासारखी, असंही पाहिलंय.

आता ज्यासाठी एवढं टंकतोय ते. तिजोरी जमिनीला बोल्टनं बांधलीच पाहिजे. शंभर किलोची आहे, कोण उचलणार, असं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. उचलावी लागत नाही. ढकलून आडवी पाडली की झालं. उभ्या तिजोरीवर पहारीला जोर मिळत नाही, आडव्या पडलेल्या तिजोरीवर माणूस अंगाचं सगळं वजन टाकतो. आणि हातगाडी असेल तर ती अख्खीच जाते, मग फोडायला त्यांच्याकडे आठवडा असतो. आतल्या बाजूनं चारही भोकांतून काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट ठोका. कोपऱ्यात बसवा, दोन बाजूंना भिंत येईल अशी, म्हणजे पहारीला फिरायला जागाच उरत नाही.

सुतारपक्षी
कुलूपकिल्ली यांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. मी घरांची आतली कामं करतो, त्यामुळे बसवण्याच्या बाजूचं सांगतो.

पोकळ विटेच्या भिंतीत बोल्ट मारून समाधान मानू नका. दोन झटक्यांत विटेसकट बाहेर येतो. काँक्रीटची जमीन सगळ्यात चांगली. फरशी असेल तर बोल्ट फरशीत नाही, खालच्या काँक्रीटमध्ये पोचला पाहिजे, तेवढी लांबी धरा. भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून, ब्रशनं साफ काढा, नाहीतर बोल्ट धरत नाही. वरच्या मजल्यावर जड तिजोरी ठेवणार असाल तर तुळईच्या किंवा भिंतीच्या जवळ ठेवा, खोलीच्या मधोमध नको. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला अजिबात लावू नका.

जागेबद्दल. चोर पहिल्यांदा झोपायच्या खोलीत जातो, तिथलं कपाट, गादीखाली, पलंगाच्या पेटीत. माळ्यावरच्या पेट्या, देव्हाऱ्याखालचा खण, धान्याचा डबा, हे लपवायचं म्हणून आपल्याला जे पहिलं सुचतं ते त्यालाही पहिलंच सुचतं. मी तिजोरी जिन्याखालच्या खोलीत किंवा अडगळीच्या खोलीत, साध्या कपाटाच्या दारामागे बसवून देतो. बाहेरून झाडू, बादल्या, जुन्या चपला. दार उघडलं तरी समोर एक फळी दिसते. ती फळी कशी सरकते ते घरातल्या दोघांनाच माहीत.

पण हे तिजोरीच्या जागी नव्हे, तिजोरीच्या जोडीला. नुसती लपवलेली बंदूक म्हणजे उघडी बंदूक, फक्त शोधायला दहा मिनिटं जास्त.

अजून एक सांगावंसं वाटतं. घरातली अवजारं कुठे असतात ते बघा. एका घरी चोरांनी तिजोरी कापली ती त्याच घरातल्या, लोखंड कापायच्या ग्राइंडरनं. गॅलरीत पिशवीत पडलेला होता, पात्यासकट. बाहेरून आणला असता तर एवढं ओझं घेऊन कुणी आलं नसतं. पहार, हातोडा, ग्राइंडर, सगळं कुलपात.

नेमबाज_७७
मी क्लबात नेम मारतो, घरी दोन हत्यारं आहेत.

दुनळीचा एक मोठा फायदा असा की ती तीन तुकड्यांत सुटते. पुढची लाकडी मूठ काढली की नळ्या वेगळ्या होतात, दस्ता आणि यंत्रणा वेगळी. तिन्ही एकत्र ठेवायचं कारणच नाही. नळ्या एका कुलपात, दस्ता दुसऱ्या कुलपात, काडतुसं तिसऱ्या. चोराला एक भाग मिळाला तरी ती बंदूक होत नाही. बोल्ट असलेल्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग, काढून वेगळा ठेवता येतो, तसंच. कोणता भाग कसा ठेवायचा याचे तुमच्याकडचे नियम मात्र आधी वाचा.

घोड्याला लावायचं कुलूप आणि नळीतून ओवायची केबल यांबद्दल गैरसमज फार आहेत. ती चांगली असतात, पण त्यांचं काम वेगळं. घरातल्या मुलानं उचलली तर बार उडू नये म्हणून ती. चोर कुलपासकट बंदूक घेऊन जातो आणि घरी निवांत कापतो. आणि भरलेल्या हत्यारावर घोड्याचं कुलूप कधीच लावू नये, लावतानाच घोडा दाबला जाऊ शकतो.

पहाटवारा
वेगळं मत मांडतो, राग मानू नये. एवढं सगळं करून ठेवलं तर वेळेला बंदूक हाताशी येणार कशी? संरक्षणासाठी परवाना घ्यायचा आणि ती तीन कुलपांत तीन तुकडे करून ठेवायची? आमचं घर वस्तीपासून लांब आहे. मी उशाच्या खणात ठेवतो आणि मला शांत झोप लागते.

पारिजात
पहाटवारा, रागवायचं काहीच नाही, तुमची भीती खरी आहे. आम्हीही लांबच राहतो. पण एक विचारते. तुम्ही घरात नसता तेव्हा ती कुठे असते?

माळरान यांच्या घरी चोर आला तेव्हा घरात कुणी नव्हतं. बहुतेक घरफोड्या तशाच, दाराला कुलूप बघून. म्हणजे उशाचा खण ज्या दिवशी तुमच्या कामाचा नाही नेमक्या त्या दिवशी तो चोराच्या कामाचा.

आणि घरातल्यांबद्दल बोलायलाच हवं. माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिला बाबांची 'मोठी बंदूक' कुठे असते हे माहीत होतं. आम्ही कधी सांगितलं नव्हतं. आणि ते तिनं शाळेच्या गाडीत सगळ्यांना सांगितलं होतं, हे मला दुसऱ्या मुलाच्या आईकडून कळलं. त्या दिवशी माझे हातपाय गार पडले. मूल खोटं बोलत नाही, लपवतही नाही. त्याला जे माहीत ते सगळ्या गावाला माहीत असं धरून चालायचं.

अजून एक, अवघड आहे पण लिहिते. आमच्या नात्यात एक तरुण मुलगा फार वाईट काळातून जात होता. त्याच्या काकांनी काही न बोलता घरातलं हत्यार उचलून रीतसर जमा केलं आणि वर्षभर आणलं नाही. तो मुलगा आज ठणठणीत आहे. कुलूप फक्त बाहेरच्यासाठी नसतं.

पहाटवारा
पारिजात ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही बाहेर जातो तेव्हा ती तिथेच असते.

निवृत्त_फौजी
पहाटवारा, तुमच्यासारख्यांसाठी मधला रस्ता आहे. पलंगाजवळ भिंतीला किंवा जमिनीला बोल्ट केलेली छोटी तिजोरी, आकडे दाबून उघडणारी. रात्री तुम्ही घरात असताना हत्यार तिच्यात. बाहेर पडताना तिथून काढून मोठ्या तिजोरीत. रोज. कंटाळा येतो, मान्य आहे. आम्हाला कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, रोज नंबर मिळवून हत्यार जमा करायला लागायचं, थकून आलो तरी. एकदा सवय झाली की हात आपोआप जातो.

अंधारात, झोपेतून उठून ती किती वेळात उघडते हे रिकाम्या तिजोरीवर करून बघा. पाच वेळा. मग कळेल तुम्हाला खरंच किती वेळ लागतो. बहुतेकांना वाटतं त्याहून कमी लागतो.

कुलूपकिल्ली
छोट्या तिजोरीचा विषय निघाला म्हणून. स्वस्तातली बॅटरीवरची तिजोरी घेताना जपून. काहींची आतली खिट्टी इतकी हलकी असते की नुसत्या धक्क्यानं सरकते, म्हणून स्वतंत्र तपासणीचं प्रमाणपत्र असलेलीच घ्या. घेतल्यावर कंपनीनं दिलेला सुरुवातीचा आकडा त्याच दिवशी बदला. जन्मसाल, गाडीचा नंबर नको. आणि बटणं अधूनमधून पुसा. वर्षानुवर्षं त्याच चार बटणांवर बोटं पडली की ती चकचकीत होतात, मग आकडा अर्धा उघडाच झाला.

बोटाच्या ठशावर चालणारी असेल तर ओल्या हातानं, तेलकट हातानं उघडते का ते बघा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या बोटानं उघडत नाही ना तेही बघा. बॅटरी दरवर्षी ठरलेल्या दिवशी बदला.

प्रत्येक आकड्याच्या तिजोरीबरोबर एक अडीअडचणीची किल्ली येते. ती कुठे ठेवली आहे? हा प्रश्न मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो. दहातले सात जण वरच्या खणाकडे बोट दाखवतात.

तळटीप
किल्लीवरून आठवलं, आणि मला वाटतं या धाग्याचा खरा विषय तोच आहे.

जर्मनीत एका शिकाऱ्याची शस्त्रं नियमांप्रमाणे भक्कम तिजोरीत होती. तिजोरीच्या किल्ल्या त्यानं वेगळ्या, आकड्यांचं कुलूप असलेल्या छोट्या पोलादी तिजोरीत ठेवल्या होत्या. बेफिकीर माणूस नव्हे. तो सुटीवर गेला असताना घर फुटलं. चोरांनी मोठ्या तिजोरीला हातच लावला नाही. छोटी फोडली, किल्ल्या घेतल्या आणि मोठी सरळ उघडली. त्याचा परवाना रद्द झाला, तो कोर्टात गेला. म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल दिला की शस्त्रांच्या तिजोरीची किल्लीसुद्धा शस्त्रांसाठी लागणाऱ्या दर्जाच्याच जागी ठेवली पाहिजे. हे आधी कुणी स्पष्ट सांगितलेलं नव्हतं म्हणून त्या माणसाचा परवाना वाचला, पण तत्त्व तिथं ठरून गेलं.

आता साधा हिशोब. किल्ली दुसऱ्या तिजोरीत, मग त्या तिजोरीची किल्ली कुठे? हे कुठे तरी थांबायला हवं. ते थांबतं एक तर आकड्याच्या कुलपापाशी, कारण आकडा डोक्यात राहतो, नाहीतर किल्ली कायम अंगावर बाळगण्यापाशी. मी स्वतः किल्लीची तिजोरी घेणारच नाही.

तिजोरी घेताना कशावर विश्वास ठेवायचा यासाठी थोडी प्रमाणकं सांगतो. युरोपात ईएन ११४३-१ हे खऱ्या तिजोऱ्यांचं प्रमाणक आहे, त्यात शून्यापासून वर चढते दर्जे आहेत. जर्मनीत जुलै २०१७ पासून शस्त्रांसाठी नवी तिजोरी घ्यायची तर किमान शून्य दर्जाची लागते. या प्रमाणकात एक हजार किलोपेक्षा हलक्या तिजोरीला जमिनीशी बांधायची सोय असावीच लागते, म्हणजे कुलूपकिल्ली म्हणतात ते तंतोतंत खरं. ब्रिटनमध्ये बंदुकीच्या कपाटांसाठी बीएस ७५५८ आहे, १९९२ चं. अमेरिकेत अंडररायटर्स लॅबोरेटरीज ही तपासणी संस्था घरगुती तिजोऱ्यांची परीक्षा घेते. त्यातल्या पहिल्या पायरीला एक माणूस साध्या हातअवजारांनी पाच मिनिटं झटतो, तेवढ्यात दार उघडता कामा नये.

हा पाच मिनिटांचा आकडा वाचून अनेकांना धक्का बसतो. पण तिजोरी अभेद्य नसतेच. ती वेळ विकत घेते. त्या वेळात भोंगा वाजला पाहिजे, शेजारी जागा झाला पाहिजे किंवा चोरालाच घाम फुटून तो निघून गेला पाहिजे. म्हणून तिजोरीच्या खोलीत धक्का लागला की वाजणारा छोटा सेन्सर लावा. तिजोरीइतकाच तो कामाचा आहे.

आणि हे फक्त आपल्याच काळजीचं नाही. अमेरिकेच्या एटीएफ या सरकारी विभागाच्या अहवालात २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत खासगी लोकांकडून चोरीला गेल्याची नोंद झालेल्या हत्यारांची संख्या दहा लाखांच्या वर आहे. ती सगळी कधी तरी कुणाच्या तरी कपाटात, खणात, गाडीच्या डिकीत कायदेशीरपणे ठेवलेली होती.

माळरान
तळटीप, तुमचा प्रतिसाद वाचला आणि उठून वडिलांच्या टेबलाचा खण उघडला. वर्षानुवर्षं उघडला नव्हता. तिथं कपाटाची दुसरी किल्ली होती. सुतळीनं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी होती तिला, आणि वडिलांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'बंदूक'.

बराच वेळ ती हातात घेऊन बसलो. त्यांनी आमच्या सोयीसाठीच लिहिलं असणार, त्यांच्या माघारी शोधाशोध नको म्हणून. चोरानं हा खण उघडला असता तर त्याला कपाट उचकटायचीही गरज नव्हती. चिठ्ठी सोडवून ठेवून दिली आहे. किल्ली मोडीत गेली.

दुनळी जमा केली, पावती घेतली. तपासणीत नळ्या ठीक निघाल्या.

चांदणवेल
माळरान दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडेही सासऱ्यांची बंदूक आहे आणि आम्ही ती लपवून ठेवतो म्हणजे सुरक्षित आहे असंच धरून चाललो होतो.

माझी एक भर. माहिती फुटते ती आपल्याच हातून. ह्यांनी पूर्वी गाडीच्या काचेवर नेमबाजी क्लबाचा स्टिकर लावला होता. आणि कुठल्याशा समारंभात भाच्यानं बंदूक हातात धरून फोटो काढला, तो अजून नेटवर आहे, मागे आमच्या दिवाणखान्याची खिडकी दिसते. स्टिकर काढला, फोटो काढायला सांगितला. तिजोरी घरी आली तर तिचं खोकं दारात कचऱ्यात ठेवू नका, त्यावर चित्रासकट सगळं छापलेलं असतं. आणायला येणाऱ्या मुलांना 'कागदपत्रांसाठी' एवढंच सांगा. रंगकाम, फर्निचर चालू असेल तेव्हा तिजोरीसमोर काहीतरी उभं करून ठेवा, किंवा तेवढे दिवस हत्यार जमा करा.

बाई म्हणून एक विनंती. घरातल्या बाईला तिजोरी कशी उघडायची आणि बंदुकीचा नंबर काय हे माहीत असू द्या, तुमच्याकडचा कायदा आड येत नसेल तर. चोरी झाली आणि नवरा परगावी असेल तर पोलिसांना काय सांगायचं तिनं?

नेमबाज_७७
चांदणवेल यांचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा. हत्याराचा नंबर, बनावट, बोअर, परवान्याची प्रत आणि दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो, नंबर वाचता येईल असा एक जवळून. लाकडावर कुठे ओरखडा, चीर असेल तर त्याचाही. हे सगळं तिजोरीत ठेवू नका, तिजोरीच गेली तर? घराबाहेर, विश्वासाच्या ठिकाणी. चोरीचा संशय आला की त्याच दिवशी कळवा. उशीर झाला आणि मधल्या काळात काही घडलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

काडतुसांचीही मोजदाद वहीत ठेवा. माळरान यांना 'मोजली, सगळी होती' असं म्हणता आलं कारण त्यांना आकडा माहीत होता. बऱ्याच जणांना माहीत नसतो.

आता गंज. बंद तिजोरीत दमट हवा कोंडली की एका पावसाळ्यात नळीवर तांबूस ठिपके येतात. खोळीत किंवा चामड्याच्या पिशवीत घालून तिजोरीत ठेवू नका, कापड आणि चामडं ओल धरतं. आगीपासून संरक्षण देणाऱ्या तिजोऱ्यांच्या भिंतीत जिप्समचा थर असतो, त्यातही पाणी असतं, त्या आतून जास्त दमट राहतात. सिलिका जेलची मोठी पाकिटं ठेवा आणि ती रंग बदलली की सुकवून परत ठेवा. हत्यार ठेवण्याआधी तेलाचा पातळ हात, आणि घामट बोटांचे ठसे पुसून. महिन्यातून एकदा तरी उघडून बघा.

पहाटवारा
कळवायचं होतं म्हणून आलो. छोटी तिजोरी घेतली, पलंगाशेजारच्या भिंतीला, काँक्रीटच्या खांबात बोल्ट करून. फौजी काकांनी सांगितलं तसं दिवे घालवून पाच वेळा उघडून बघितली. पहिल्यांदा आकडा चुकला, बायकोनं मोबाईलवर वेळ लावली होती. पाचव्या वेळी चार सेकंद. मोठी तिजोरी पुढच्या आठवड्यात येतेय. तोवर बाहेर जाताना जमा करायला जमत नाही, म्हणून आम्ही दोघं एकत्र बाहेर पडलेलोच नाही.

पारिजात
पहाटवारा, मनापासून आभार. तुम्ही परत येऊन लिहिलंत हे फार बरं केलंत.

माळरान
मंडळी, तिजोरी आली. पाच फुटी, आकड्यांची, ईएनचा शून्य दर्जा, आतल्या दारावर पाटी आहे. जिन्याखाली बसवतोय. खोकं फाडून, छापील बाजू आत दुमडून, दोन खेपांत लांब टाकून आलो. काडतुसांना आत स्वतंत्र कुलपाचा खण आहे. दस्त्यासाठी वेगळी छोटी पेटी दुसऱ्या खोलीत बोल्ट करणार आहे. नंबरांचे कागद बहिणीकडे पाकिटात बंद करून दिले.

अडलंय एका ठिकाणी. तीन बोल्ट छान बसले. चौथ्या भोकाला ड्रिल दोन इंचांवर जाऊन अडतंय, लोखंडाचा कीस येतोय. सळई लागली असावी. तीन बोल्टांवर चालेल का? की सळई कापून पुढे जाऊ?

कुलूपकिल्ली
सळई कापू नका, जिन्याचा भार असतो त्या भागात. तीनवरही ठेवू नका, चौथा कोपरा मोकळा राहिला की तिथूनच पहार घालून उचलतात. तिन्ही बोल्ट सोडा, तिजोरी सळईच्या ओळीपासून तीन-चार इंच बाजूला सरकवा आणि चारही भोकं नव्यानं पाडा. जुन्या भोकांना अगदी खेटून नको, काँक्रीट फुटतं. जुनी भोकं ग्राउटनं, म्हणजे सिमेंटच्या घोळानं, भरून एक दिवस सुकू द्या. सरकवल्यावर भिंतीशी फट राहिली तर तेवढ्यात जाड लाकडाचा ठोकळा घट्ट बसवा.

सुतारपक्षी
ठोकळा सागाचा घ्या, आणि तिजोरी बसवायच्या आधी भिंतीला पक्का करून घ्या. नंतर हात जात नाही तिथं.

माळरान
ठीक. उद्या दिवसभर तेच. आणि दुनळी परत आणायला परवा जाईन, चौथा बोल्ट आवळून झाल्यावर.